धागा: गावठी कुत्र्याला ‘ये’ शिकवण्यापासून ॲजिलिटीपर्यंत – वावरातला अनुभव

वर्धाकाठची

नमस्कार मंडळी.

आर्वी तालुक्यात आमचं सहा एकर वावर आहे. कापूस, तूर आणि एका तुकड्यात संत्री. हा धागा काढायला मला तीन वर्षं लागली, कारण सुरुवात वाघ्यापासून करावी लागते.

वाघ्या आमचा आधीचा कुत्रा. गावठी, तांबडा, रोज माझ्या नवऱ्यासोबत जागलीला. त्या रात्री मीही वावरात होते. तूर फुलोऱ्यावर होती. डुकरं आली आणि वाघ्या त्यांच्या मागं सुटला. पलीकडच्या वावराच्या तारेत रात्री थेट लाइनचा करंट सोडतात, हे आम्हाला ठाऊक होतं. दोघंही जिवाच्या आकांतानं ओरडत होतो, ‘वाघ्या, ये! वाघ्या, ये!’ तो एकदा थांबला. वळून बघितलं. बॅटरीच्या उजेडात त्याचे चमकलेले डोळे मला अजून दिसतात. मग तुरीत डुक्कर खसफसलं आणि तो पुन्हा तिकडं धावला.

त्याला आपलं नाव कळत होतं. पण ‘ये’ म्हटल्यावर हातातलं सगळं सोडून परत यायचं, हे आम्ही त्याला कधी शिकवलंच नव्हतं. जेवणाच्या वेळी यायचा तो भाकरीच्या वासानं.

पुढच्या वर्षी जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाआड एक पिल्लू सापडलं. तिचं नाव सरकी. हिला हाकेवर परत आणायचं, एवढंच मनात धरून मी सुरुवात केली. व्हिडिओ बघितले, नागपूरला जाऊन एका प्रशिक्षकाकडे चार रविवार काढले, आणि त्यातून आज्ञापालन, मग ॲजिलिटी, म्हणजे उड्या, बोगदे असे अडथळे ओळीनं पार करण्याचा कुत्र्यांचा खेळ, असं होत गेलं. सरकी आता अडीच वर्षांची आहे, खांद्याशी ४७ सेंटीमीटर उंच, वजन १७ किलो.

पहिली चूक सांगते, कारण मराठी घरात ती सगळ्यांचीच होणार. मी तिला बसायला ‘बस’ शिकवलं. आठवड्यात शिकली. पण आमच्या घरात हा शब्द दिवसातून किती वेळा येतो ते मला तिच्यामुळे कळलं. पोरं भांडताना ‘बस झालं’ म्हणतात, सासूबाई वाढताना ‘बस का?’ विचारतात, दारावरून एसटी गेली की कुणीतरी म्हणतं, ‘गेली बस.’ सुरुवातीला सरकी प्रत्येक वेळी बसायची आणि मोठ्या आशेनं त्या माणसाच्या तोंडाकडं बघायची. कुणी तिला काही दिलं नाही, शाबासकीसुद्धा नाही. पंधरा दिवसांत तिनं त्या शब्दाकडं कान देणं सोडलं. मग मी ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ हे तिन्ही शब्द तिच्यापुरते बंद केले. बसायला ‘टेक’, जागच्या जागी थांबायला ‘ठप्प’, परत यायला ‘धाव’. कोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवले. घरातल्या प्रत्येकानं तेच म्हणायचं, आणि म्हटलं की ते होईपर्यंत तिथून हलायचं नाही. सासूबाईंनी सगळ्यात आधी पाळलं.

ज्यांच्याकडं गावठी कुत्रं आहे आणि ‘याला काय शिकवायचं’ असं वाटतं, त्यांच्यासाठी हा धागा आहे. विचारा. मला जे हातानं करून कळलं तेवढं सांगीन.

धुऱ्यावरचा

ताई, वाचून डोयात पाणी आलं. आमच्याकडे दारव्ह्याले बी तारेनं कुत्रे मेले, ढोरं मेली, माणसं बी मेली.

माह्या मोत्या चार वर्षांचा हाय. बांधलेला असला तं गरीब, सोडला का हाती लागत नाई. दिवसा साखयीनं बांधतो, रातच्याले सोडतो. हाक मारली तं दूर उभा राहून पाह्यते. दोन-तीनदा धरून चांगला झोडपला, त्यानं तं आखीन लांब पयते. माहे बाबा म्हणत, कुत्र्याले धाक पाह्यजे. आता तुमी सांगजा, एवढ्या मोठ्या कुत्र्याले शिकवता येते का? का पिल्लूच पाह्यजे?

वर्धाकाठची

भाऊ, चार वर्षं काहीच नाही. मोत्या शिकेल.

आधी मोत्याच्या बाजूनं बघा. हाक आली, गेलो, मार बसला. हाक आली, गेलो, साखळी लागली. चार वर्षं तो हेच शिकतोय की हाक म्हणजे वाईट गोष्ट. लांब उभा राहून बघतो म्हणजे तो विचार करतोय, मूर्ख नाही. बाबांच्या धाकानं कुत्रं बसतं, दबतं, पण लांबून धावत येत नाही. येण्यासाठी त्याला यावंसं वाटावं लागतं.

तुमची जुनी हाक आता खराब झाली आहे. ती सोडून द्या, नवा शब्द घ्या, घरात कुणी वापरत नाही असा. पहिले चार दिवस मोत्या जवळ असतानाच तो शब्द म्हणा आणि लगेच तोंडात घास द्या. शब्द, घास. शब्द, घास. अजून काही मागू नका. घास म्हणजे उकडलेली कलेजी, करंगळीच्या नखाएवढी. अंडंही चालतं. पाव किलो कलेजी उकडून बारीक केली की माझे चार दिवस निघतात. तेवढी भाकर रात्रीच्या जेवणातून कमी करायची.

मग बैलाचा लांब कासरा घ्या, आठ-दहा मीटरचा. गळ्यात साधा रुंद पट्टा, फास नको. कासरा जमिनीवर लोळत राहू द्या. तो इकडंतिकडं हुंगत असताना एकदाच हाक. दहादा नाही, एकदाच. वळला की त्याच क्षणी ‘हां!’ म्हणा. हे ‘हां’ फार मोलाचं आहे. नेमकी कोणती गोष्ट बरोबर झाली ते कुत्र्याला त्यातून कळतं, म्हणून ते वळण्याच्या क्षणालाच यायला पाहिजे. तो तुमच्यापाशी पोचल्यावर म्हटलं तर वळल्याचं बक्षीस हुकलं. वळला नाही तर ओढू नका, तुम्हीच उलट दिशेनं पळा. पळत्याच्या मागं येणं कुत्र्याच्या रक्तात असतं. आपण त्याच्या मागं धावतो तिथंच सगळं बिघडतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आला की घास द्या, पट्टा हातात धरा, आणि पुन्हा सोडून द्या. दहातल्या नऊ वेळा सोडून द्या. येणं म्हणजे मोकळेपण संपलं असं त्याला वाटता कामा नये. बांधायचं असेल तेव्हा हाक मारू नका, स्वतः जाऊन आणा.

सरकीला मी आधी रिकाम्या खळ्यात शिकवलं, मग कोंबड्यांजवळ, मग बकऱ्यांजवळ, शेवटी संध्याकाळी गुरं परततात तेव्हा रस्त्याच्या कडेला. प्रत्येक नव्या जागी पुन्हा पहिलीपासून. खळ्यात येणारं कुत्रं वावरात येईलच असं नाही, त्याच्यासाठी ती वेगळीच गोष्ट असते. कासरा मी पाच महिने काढला नाही.

एक विनंती. दिवसभर साखळी नको. जागा कुंपणाची करा, निदान सकाळ-संध्याकाळ अर्धा तास त्याला घेऊन चाला. दिवसभर अडकलेलं कुत्रं सुटलं की पळणारच.

पशुवैद्य_अकोला

चांगला धागा. ताईंनी शिकवण्याचं लिहिलंय, मी शरीराचं लिहितो. माझ्याकडे येणारी बरीच कुत्री वेळेत आणली असती तर वाचली असती.

ऊन. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धाप टाकूनच ते थंड होतं. १०५ च्या पुढं गेलं की जिवाला धोका. आपल्याकडं अकोला, चंद्रपूर, नागपूरला पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा मार्च ते जून सराव सूर्य उगवायच्या आत उरकायचा. जमिनीवर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्यालाही चालवू नका. ऊन लागलं तर लक्षणं अशी: न थांबणारी धाप, गडद लाल हिरड्या, चिकट लाळ, झोकांड्या, उलटी. ताबडतोब सावलीत आणा, अंगावर साधं पाणी ओता, पोट आणि जांघांवर जास्त, वारा घाला. ओलं पोतं अंगावर पांघरून ठेवू नका, आत वाफ धरते. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या, आणि ते उठून बसलं तरी न्याच. आतल्या अवयवांचा त्रास दुसऱ्या दिवशी वर येतो.

गोचीड. त्यातून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे आजार होतात, लोक दोन्हीला गोचीडताप म्हणतात. कुत्रं सुस्त, खात नाही, हिरड्या पांढुरक्या, कधी नाकातून रक्त. सरावाचं कुत्रं उडी मारायला नाही म्हणू लागलं तर ते हट्ट करतंय असं समजू नका, रक्त तपासा. एर्लिकियावर गोळ्या साधारण चार आठवडे चालतात, बरं वाटलं म्हणून मध्येच थांबवू नका. गोचीड भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते, म्हणून कुत्र्यासोबत कोठाही साफ करा. अंगाला रॉकेल लावू नका. जनावरांचं गोचिडाचं औषध किंवा इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला देऊ नका, मात्रा चुकली तर झटके येतात. माणसाची दुखण्याची गोळीही नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकनं पोटात रक्तस्राव होतो, किडनी जाते.

फवारणी. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर, फवारल्यानंतर कुत्रं त्या ओळींमधून फिरतं आणि मग पाय चाटतं. लाळ, थरथर, डोळ्यातली बाहुली बारीक होणं दिसलं तर अंग साबणाच्या पाण्यानं धुवा, स्वतः हातमोजे घाला, औषधाचा डबा सोबत घेऊन या. डब्यावरचं नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी. पार्वो आणि डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळाव्या आठवड्यापर्यंत. या लसी पूर्ण होण्याआधी पिल्लाला दहा कुत्र्यांत नेऊ नका. गावात जमत नसेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था, दोन्हीकडं कुत्र्यांवर उपचार होतात.

वर्धाकाठची

डॉक्टर, उन्हाचं मी भोगलं आहे. मार्च होता, एप्रिलसुद्धा नाही. सकाळचे साडेनऊ. सरकी त्या दिवशी इतकी छान पळत होती की मी ‘अजून एकदा, अजून एकदा’ करत राहिले. ती थांबली नाही, मी म्हणेपर्यंत कुत्रं थांबत नाही. मग वळताना मागचे पाय गेले. गुरांच्या हौदातलं पाणी बादल्या भरभरून ओतलं, पोरानं सुपानं वारा घातला. वाचली. त्या दिवसापासून माझा सराव दहा मिनिटांचा आहे, आणि ती सगळ्यात छान करते तिथंच मी थांबते.

चिमूरची_शिक्षिका

माझ्याकडं पाच महिन्यांचं पिल्लू आहे, आई गावठी, बाप बहुतेक लॅब्राडॉर. शाळेच्या मुलांनी मोबाइलवर ॲजिलिटी बघितली आणि आता रोज त्याला बाकावरून उड्या मारायला लावतात. फारच चपळ आहे. एवढ्यात अडथळे लावले तर चालतील का? आणि सामान कुठून आणायचं? ऑनलाइन किमती बघून छाती दडपली. इकडं बिबट्याचीही भीती आहे, त्यामुळे अंधारात सराव जमत नाही.

वर्धाकाठची

ताई, उड्या आजच बंद करा. वाढत्या पिल्लाच्या हाडांच्या टोकाशी कोवळा भाग असतो, तो भरायला बारा ते अठरा महिने लागतात. त्याआधी उंचावरून आदळलं तर पाय आयुष्यभराचा जाऊ शकतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमातही अठरा महिन्यांच्या आतलं कुत्रं ॲजिलिटीत उतरवता येत नाही.

पण उडीशिवाय शिकवण्यासारखं खूप आहे. मुलांना हे द्या: जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून सावकाश चालणं, शिडी आडवी टाकून तिच्या पायऱ्यांमधून एकेक पाय उचलत जाणं (मागचे पाय आपलेच आहेत हे कुत्र्याला असंच कळतं), पाट दिसला की त्यावर जाऊन उभं राहणं, दोन्ही बाजूंनी वळणं. बांबू टाकायचा तर तो जमिनीवरच.

सामान मी गावातच जमवलं. वळणाच्या काठ्या बोअरच्या उरलेल्या पीव्हीसी पाइपाच्या. स्पर्धेत बारा असतात, दोन काठ्यांत ६० सेंटीमीटर अंतर, कुत्र्यानं पहिली काठी डाव्या खांद्याशी ठेवून शिरायचं. मी सहावरच सुरुवात केली. उडीसाठी विटांच्या दोन थप्प्या आणि वर नुसता ठेवलेला बांबू. बांबू बांधायचा नाही, पाय लागला की पडला पाहिजे. सरकीच्या उंचीच्या गटाला नियमात ४५ ते ५० सेंटीमीटरची उडी आहे, पण मी रोज ३० वरच घेते, पूर्ण उंची आठवड्यातून एकदा.

बोगदा प्लास्टिकच्या तीन ड्रमांचा. तळ कापले, कापलेल्या कडांवर सायकलची जुनी ट्यूब चिरून बसवली, दोन्ही बाजूंनी मातीचा भर दिला म्हणजे लोळत नाहीत. इथं हात जोडून सांगते: ड्रम कशाचा होता ते बघा. कीटकनाशकाचा ड्रम कितीही धुतला तरी नको, कुत्रं त्याच्या आत नाक घासत पळतं. माझे गुळाच्या पाकाचे होते. लोखंडी ड्रम उन्हात तापतो, तोही नको.

चढ-उताराच्या फळ्यांवर खालचा भाग वेगळ्या रंगाचा असतो, तिथं पाऊल पडलंच पाहिजे. कुत्र्यानं वरूनच उडी टाकू नये म्हणून तो नियम आहे. मी तिथं जुनं पायपुसणं चिकटवलं आणि त्यावर दोन पाय टेकले की ‘हां!’. सी-सॉच्या आपटण्याला सरकी फार भ्यायची. फळीच्या टोकाखाली गोधडी घातली, मग दर दोन दिवसांनी एक घडी कमी केली. तीन आठवडे लागले.

जागेचं मात्र सांभाळा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पळत्या कुत्र्याचा पाय भेगेत गेला तर हाड मोडतं. पावसाळ्यात तीच माती पंजाला किलोभर चिकटते. मी खळ्याच्या जागेवर मुरूम दाबून वर वाळू पसरली आहे. तुमच्याकडं शाळेचं मैदान असेल तर मुलांना आधी काचा वेचायला लावा. बिबट्यामुळं अंधार टाळता ते बरोबरच आहे. उजाडल्यावर ऊन चढेपर्यंतची वेळ धरा.

पुसदकर

मी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, घरातला माणूस. आज्याची जोडी आमच्या भागात गाजलेली होती. २०१४ साली पट बंद झाले तेव्हा घरात सुतक होतं, मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा पेढे वाटले. म्हणून मनापासून विचारतो. जनावर जीव तोडून पळतं ते तुतारीच्या, म्हणजे बैलाला टोचायच्या काठीच्या, टोकानं, असंच आम्ही मानत आलो. तुमचं कुत्रं नुसत्या शब्दावर पळतं, हे कलेजीसाठीच ना? कलेजी संपली की?

वर्धाकाठची

भाऊ, हा प्रश्न मला तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात चारशे माणसांसमोर पडला होता.

तिथं गावकऱ्यांच्या कुत्र्यांसाठी आज्ञापालनाची खुली फेरी होती. डाव्या पायाशी चालणं, वळणं, एक मिनिट बसून राहणं, लांबून हाकेवर येणं. रिंगमध्ये खाऊ न्यायला मनाई. सरकीला सगळं येत होतं. मी कमरेची कलेजीची पिशवी सोडून ठेवली आणि आत गेले. सहा पावलं नीट चालली, मग तिनं माझ्या कमरेकडं बघितलं, पिशवी नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि ती शांतपणे जमीन हुंगायला लागली. मी हाक मारली तर आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला. आम्ही शेवटून दुसऱ्या आलो.

घरी येऊन चार दिवस विचार केला. मी तिला पिशवी दिसली की काम करायला शिकवलं होतं. मग डबा कोठ्याच्या भिंतीवर ठेवला. रिकाम्या हातानं काम, ‘हां!’, आणि मग दोघींनी पळत डब्यापाशी जायचं. हळूहळू एका कामावरून तीन, तीनवरून दहा. कधी डब्याऐवजी चिंधीची ओढाओढी, कधी विहिरीपर्यंत शर्यत. आता ती घास दिसत नसतानाही करते, कारण काम संपल्यावर काहीतरी चांगलं घडतंच यावर तिचा विश्वास बसला आहे. कलेजी संपते. विश्वास मात्र रोज थोडा भरत राहावा लागतो.

तुमच्या पटाशी याचं नातं आहेच. ॲजिलिटी निघाली १९७८ मध्ये, लंडनच्या क्रफ्ट्स शोमध्ये. दोन कार्यक्रमांमधला वेळ भरायला घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीवरून ती बेतली. पण तिच्यात माणूसही सोबत पळतो आणि कुत्र्याला हात लावून फायदा घेतला तर दोष धरतात. अडथळ्यांचा क्रम दर वेळी वेगळा. माणसाचा खांदा कुठं वळला, पायाचं बोट कुठं आहे, ते बघून कुत्रं ठरवतं. मी भलतीकडं वळले तर सरकी भलत्या बोगद्यात जाते. दुखवून पळवलेलं जनावर माणसाकडं बघत नाही, आणि इथं बघितल्याशिवाय काहीच होत नाही.

मोठ्या स्पर्धांत उतरायचं असेल तर केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी आणि मायक्रोचिप यांच्या अटी प्रवेश भरण्याआधी वाचून घ्या.

पुसदकर

पटलं. माझ्या आज्याचा एक बैल होता, तो तुतारी दाखवल्याशिवायच पळायचा. आज्या म्हणायचा, तो माझ्या खोकल्यावर पळतो. आज तुमचं वाचून ते आठवलं.

धुऱ्यावरचा

ताई, सात आठोडे झाले. सांगा लागते म्हणून लिवतो.

मोत्याचा नवा शब्द ‘चिंगी’ ठेवला, माह्या पोरीनं निवडला. पयले आठ दिवस तं तो कलेजी घेऊन दूरच जाये. मंग जवय बसाले लागला. साखय काढली, कोठ्याच्या बाजूनं जायीचं कुंपण केलं. बाबा पाह्यत होते, बोलले काई नाई. एक दिवस पाह्यलं तं बाबाच धोतराच्या गाठीत अंड्याचा तुकडा बांधून मोत्याले बलावत होते.

काल वावरात ससा उठला. कासरा गयाले होता पण माह्या हातात नोता. मोत्या तीरासारखा गेला, धुऱ्याच्या अंगानं. माह्या पोटात गोयाच आला. एकच हाक मारली. तो तीसेक पावलं गेला, मंग वयला. आला ताई. जीभ बाहेर, कान मांगं, पुरा पयत आला. खिशात काईच नोतं तं बसून त्याले दोन्ही हातानं कुरवायलं, मंग घरी येऊन आख्खं अंडं देल्लं.

आता कासरा काढू का?

वर्धाकाठची

भाऊ, दोनदा वाचलं. बाबांना माझा नमस्कार सांगा.

कासरा एवढ्यात नको. अजून दोन महिने तरी राहू द्या. हातात धरू नका, तसाच लोळू द्या, आणि दर आठवड्याला त्याचा हातभर तुकडा कापत जा. रात्री तारेच्या बाजूला जागलीला जाल तेव्हा मात्र पूर्ण कासरा लावा आणि टोक हातात ठेवा. आणि खिशात घास कायम ठेवा, वावरात जाताना विळा घेता तसा.